एक हात लिहिताना दुसराही का हलतो? मेंदूतले कारण आणि परीक्षेचे नियम

धान कापणीचे दिवस होते. ओपीडी संपत आली होती, तेव्हा रामटेकजवळच्या एका गावातले वडील नववीतल्या मुलाला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार साधी होती, लिहिताना हात दुखतो. मी मनगट, कोपर, मान तपासली. काही सापडले नाही. गोळी लिहून देणार, इतक्यात वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अजून एक गोष्ट आहे. ह्याचा उजवा हात लिहिते तं डावा बी लिहिते."

मी मुलाला दोन्ही हात टेबलावर, तळवे वर करून ठेवायला सांगितले. मग फक्त उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावायला लावला. उजवा अंगठा तर्जनीला लागला, तसा डावाही लागला. मग मधले बोट, अनामिका, करंगळी. डावा हात अगदी तीच हालचाल करत होता, थोडी लहान, पण त्याच क्षणी. मी म्हटले, "डावा स्थिर ठेव." त्याने ओठ आवळून प्रयत्न केला, हालचाल थोडी कमी झाली, थांबली नाही. तो म्हणाला, "मी नाही करून राह्यलो सर, ते आपोआप होते."

घरच्यांना हे तो दोन-तीन वर्षांचा असल्यापासून माहीत होते. शाळेत मात्र त्याला 'वेंधळा' हे नाव पडले होते. लिहिताना डाव्या हाताने वही दाबून धरावी लागते. उजवी बोटे पेन फिरवतात, तशी डावी वळवळतात, आणि पान चुरगळते, वही सरकते. म्हणून तो डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. शिक्षकांना वाटायचे की काहीतरी लपवतो आहे. तीन तासांच्या पेपरात तो दोन हातांच्या स्नायूंशी भांडत बसायचा आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जायचे.

वडिलांनी मोबाइलवर एक रील दाखवली. मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यातील बुधेला गावच्या शाळेत मुले दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, ती बातमी तुम्हीही पाहिली असेल. वडिलांना आशा होती की आपल्या मुलातही तसली काही कला असावी. मला त्यांची आशा मोडावी लागली. ती मुले सराव करून दोन हातांना दोन वेगळी कामे देतात. या मुलाची अडचण नेमकी उलटी आहे, त्याला दोन हात वेगळे करताच येत नाहीत.

वैद्यकीय भाषेत याला 'मिरर मूव्हमेंट्स' म्हणतात. आपण 'आरशासारख्या हालचाली' म्हणू. एक हात मुद्दाम हलवला की दुसरा आपोआप, आरशातल्या प्रतिबिंबासारखा हलतो. प्रामुख्याने बोटे आणि हात यांत हे दिसते, पायांत कमी. 'मिरर न्यूरॉन' किंवा लकव्याच्या रुग्णांना देतात ती 'मिरर थेरपी' यांचा याच्याशी संबंध नाही, फक्त नावात आरसा आहे.

लहान मुलांत हे असतेच

वाचणाऱ्या आयांनी घाबरून जाण्याआधी हे सांगतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला एका हाताने बटण लावायला सांगा, दुसऱ्या हाताची बोटेही थोडी हलतील. ते नैसर्गिक आहे. साधारण सात ते दहा वर्षांपर्यंत ते कमी होत जाते आणि मग दिसेनासे होते. मोठ्या माणसांतही ते पूर्ण नाहीसे झालेले नसते. घट्ट बसलेला नट एका हाताने पिळताना दुसऱ्या हाताची मूठ आपोआप आवळली जाते, दमलेल्या माणसात तर जास्तच.

एक प्रयोग करून पाहा. दोन्ही तर्जन्या पुढे धरा आणि गाडीच्या वायपरसारख्या एकाच दिशेने हलवा, दोन्ही डावीकडे, मग दोन्ही उजवीकडे. हळूहळू वेग वाढवा. एका वेगानंतर बोटे तुमचे ऐकणार नाहीत. ती आपोआप एकमेकांच्या जवळ आणि लांब, म्हणजे आरशासारखी हलू लागतील. उलट मात्र होत नाही. आरशासारखी सुरुवात केलीत तर कितीही वेग वाढवला तरी बोटे तशीच राहतात. यावरून एक गोष्ट कळते. दोन्ही हात सारखे हलवणे मेंदूला सोपे जाते, आणि एकच हात हलवण्यासाठी त्याला दुसऱ्याला गप्प बसवावे लागते.

म्हणजे प्रश्न 'दुसरा हात का हलतो' इतकाच नाही. बाकीच्यांचा दुसरा हात का हलत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

मेंदूतले दोन बंदोबस्त

उजव्या हाताचे हुकूम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून निघतात आणि डाव्या हाताचे उजव्या भागातून, हे बहुतेकांना माहीत असते. लकवा झालेल्याच्या घरी तर हे पाठच असते. या हुकमांच्या चेतातंतूंची जाड जुडी मेंदूतून खाली उतरते. मानेच्या वर, मेंदू आणि मज्जारज्जू जिथे जोडले जातात तिथे, लंबमज्जेत, यांतले सुमारे ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर रूळ एकमेकांना छेदून जातात, तसे चित्र डोळ्यांसमोर आणा. हा पहिला बंदोबस्त, रस्त्यांचा.

दुसरा बंदोबस्त वरच असतो. मेंदूचे दोन अर्धे भाग 'कॉर्पस कॅलोसम' नावाच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. डाव्या भागाने उजव्या हाताला काम सांगितले की याच पट्ट्यातून उजव्या भागाला निरोप जातो की तू आता शांत राहा. लहान मुलांत या पट्ट्यातल्या तंतूंवर मायलिनचे वेष्टण पुरते चढलेले नसते, म्हणून तो निरोप नीट पोचत नाही. वय वाढते तसा तो पोचू लागतो आणि हालचाली थांबतात.

जन्मजात आरशासारख्या हालचाली असणाऱ्यांत या दोन्ही बंदोबस्तांत दोष सापडले आहेत. तपासण्याची पद्धत अशी आहे. डोक्याच्या एका बाजूवर चुंबकीय झटका देऊन त्याखालचा मेंदूचा भाग क्षणभर चेतवायचा (याला ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन म्हणतात, दुखत नाही) आणि दोन्ही हातांच्या स्नायूंत काय होते ते मोजायचे. सामान्य माणसात डावी बाजू चेतवली की उजवाच हात उडतो. या रुग्णांत दोन्ही हात उडतात, आणि जवळजवळ एकाच वेळी. वेळेतली ही बरोबरी महत्त्वाची आहे. निरोप आधी मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्यात जाऊन तिथून खाली आला असता तर दुसऱ्या हातात उशीर दिसला असता. उशीर नाही, याचा अर्थ त्याच बाजूचे तंतू थेट दोन्ही हातांपर्यंत गेलेले आहेत. क्रॉसिंगवर जे रूळ पलीकडे जायला हवे होते, त्यांतले काही याच बाजूला राहून गेले.

शिवाय एमआरआय यंत्रात एकच हात हलवायला सांगितला तर मेंदूचे दोन्ही भाग एकदम कामाला लागलेले दिसतात. हालचाल ठरवणारा, हालचालीच्या आधी जागा होणारा भागही इतरांपेक्षा वेगळा वागतो. म्हणजे एकच तार चुकीच्या ठिकाणी जोडली गेली, असे साधे गणित नाही. तार चुकलेली असते आणि वर ज्याने 'थांब' म्हणायचे तोही नीट म्हणत नाही. कोणात पहिला दोष जास्त, कोणात दुसरा.

नेतृ

आता रूळ चुकतात कसे? गर्भात बाळाचा मेंदू तयार होत असताना प्रत्येक चेतातंतू टोकाने चाचपडत पुढे सरकतो. शरीराच्या मध्यरेषेतल्या पेशी एक प्रथिन सोडतात, ते त्या टोकाला वाट दाखवते. १९९४ साली हे प्रथिन सापडले तेव्हा शोधकांनी त्याला 'नेट्रिन' नाव दिले, संस्कृतातल्या 'नेतृ' या शब्दावरून. वाट दाखवणारा तो नेतृ, आपला 'नेता' त्याच शब्दातून आला. ज्या गावात कवी कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे, तिथल्या डॉक्टरला हे वाचून थोडा आनंद झाला, हे कबूल करतो.

नेट्रिनचा इशारा ओळखण्यासाठी तंतूच्या टोकावर एक ग्राही लागतो, त्याचे नाव डीसीसी. २०१० मध्ये फ्रेंच-कॅनेडियन आणि इराणी कुटुंबांच्या अभ्यासातून कळले की डीसीसी जनुकात बिघाड असेल तर आरशासारख्या हालचाली होऊ शकतात. इशारा येतो, पण तो पकडणारा कमजोर, मग काही तंतू मध्यरेषा ओलांडत नाहीत. २०१२ मध्ये आरएडी५१ हे दुसरे जनुक सापडले, २०१४ मध्ये एका पाकिस्तानी कुटुंबात डीएनएएल४ आणि २०१७ मध्ये खुद्द नेट्रिनचे जनुक.

इंटरनेटवर ही नावे शोधलीत तर पहिल्या पानावर कर्करोग दिसेल. डीसीसीचे पूर्ण नावच मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरून पडले आहे आणि आरएडी५१ डीएनएच्या दुरुस्तीत काम करते. म्हणून मुलाला कर्करोग होणार, असा अर्थ काढू नका. त्याच जनुकाची शरीरात अनेक कामे असतात. एकाच माणसाने गावात पोस्टही सांभाळावे आणि भजनात पेटीही वाजवावी, तसे.

डीसीसी आणि आरएडी५१ यांच्यातला दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो. गंमत अशी की दोष असलेल्या जवळपास निम्म्या लोकांत हालचाली दिसतच नाहीत. त्यामुळे 'आमच्या घरात कोणालाच नाही' या वाक्यावरून काही सिद्ध होत नाही. डीएनएएल४ चा दोष मात्र दोन्हीकडून यावा लागतो, आणि ते कुटुंब नात्यात लग्ने होणारे होते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हा आजार फार दुर्मीळ समजला जातो, दहा लाखांत एकाहून कमी. माझा अंदाज असा की जी मुले 'वेंधळी' म्हणून मागच्या बाकावर बसतात त्यांची मोजदादच झालेली नाही.

तक्रार हीच, कारण वेगळे

जन्मजात आणि एकट्या आरशासारख्या हालचाली वाढत नाहीत. त्याने बुद्धी, आयुष्य, चालणे यांवर परिणाम होत नाही. पण डॉक्टरांनी आधी इतर कारणे वगळायला हवीत.

माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरला हे सर्वांत जास्त दिसते ते सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत, जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूला इजा होऊन एक हात कमजोर राहतो त्यांच्यात. तिथे चांगल्या बाजूचा मेंदू दोन्ही हातांचे काम अंगावर घेतो. गर्भात दोन्ही बाजूंना गेलेले जे तंतू पुढे गळून पडायचे असतात, ते तसेच ठेवले जातात. म्हणजे इथे ती चूक नसून नाइलाजाने केलेली सोय असते.

मुलाची मान आखूड, वळवायला अवघड आणि मागचे केस फार खालपर्यंत आलेले असतील तर मानेच्या मणक्यांचा एक्स-रे हवा. क्लिपेल-फाइल नावाच्या आजारात मणके जोडलेले असतात आणि हातांच्या आरशासारख्या हालचालीही असू शकतात. त्या मुलाला कुस्ती, कबड्डी, कोलांटउड्या यांपासून तपासणी होईपर्यंत दूर ठेवा. मुलगा पंधरा-सोळाचा झाला तरी मिसरूड फुटलेले नाही, आवाज बदललेला नाही आणि त्याला वास येत नाही, असे असेल तर कॉलमन सिंड्रोमचा विचार करतात. वासाचे मुले स्वतःहून सांगत नाहीत, विचारावे लागते. त्यावर हार्मोनचे उपचार आहेत, म्हणून ते ओळखणे फायद्याचे.

आणि पन्नाशीच्या माणसाचा दुसरा हात नव्यानेच हलायला लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. लकवा, पार्किन्सन्स आणि मेंदूचे इतर काही आजार असे सुरू होऊ शकतात. अचानक झाले, सोबत बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर थेट मोठे रुग्णालय, तेही तासाभरात.

न्यायालयात पोचलेला हात

आता या लेखाचे खरे निमित्त. या मुलावर औषध नाही. शस्त्रक्रिया नाही. त्याला लागते ती वेळ. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नेमका याच मुद्द्यावर, म्हणजे लिहिणाऱ्या हाताच्या दुखण्यावर, सर्वोच्च न्यायालयात दोनदा वाद झाला.

पहिला खटला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग. अर्जदार स्वतः एमबीबीएस. त्यांना रायटर्स क्रॅम्प होता. पेन हातात घेतले की हाताचे स्नायू आखडायचे, एरवी हात ठीक. आयोगाने लेखनिक नाकारला, कारण त्यांचे अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी होते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची अट काही ठरावीक लाभांसाठी आहे, परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ती लावता येणार नाही. त्यानंतर केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व पण लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ.

दुसरा खटला गुलशन कुमार विरुद्ध आयबीपीएस, म्हणजे बँक भरती परीक्षा घेणारी संस्था. इथे दुखणे होते हाताचा डिस्टोनिया. ३ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की ४० टक्क्यांच्या वरचे आणि खालचे असा कृत्रिम भेद राहू नये, सर्व दिव्यांगांना या सोयी मिळाव्यात आणि २०२२ च्या सूचना त्या दृष्टीने सुधाराव्यात. लेखनिकाचे प्रमाणपत्र सहाच महिने चालते, त्याची मुदत वाढवावी असेही सांगितले, आणि कारण देताना ग्रामीण भागातल्या प्रतीक्षेचा उल्लेख केला. रामटेकहून नागपूरला मेडिकल बोर्डासाठी तीन-तीन चकरा मारणाऱ्या, प्रत्येक चकरेला एका दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या बापाला हे वाचून दाखवले पाहिजे.

डिस्टोनिया आणि आरशासारख्या हालचाली हे दोन वेगळे आजार आहेत, पण शेजारी आहेत. डिस्टोनियाच्या रुग्णाला चांगल्या हाताने लिहायला सांगितले की कधी कधी दुखरा हात नुसता पडल्या जागी वाकडा होतो. निदान करताना मेंदूविकारतज्ज्ञ हे मुद्दाम पाहतात. दोन्हींत मूळ प्रश्न तोच, जे स्नायू गप्प बसायला हवेत त्यांना मेंदू गप्प बसवू शकत नाही.

मग आपल्या मुलाला हे निकाल लागू पडतात का? कायद्याच्या परिशिष्टातल्या यादीत 'आरशासारख्या हालचाली' हे शब्द कुठेही नाहीत. पण त्याच यादीत दीर्घकालीन मेंदूविकारांचा गट आहे आणि तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन्स ही नावे 'यांसारखे' म्हणून दिली आहेत. उदाहरणे म्हणजे कुंपण नव्हे. रायटर्स क्रॅम्पही त्या यादीत नावाने नव्हता. माझ्या मते जन्मजात आरशासारख्या हालचालींमुळे लिहिणे अडत असेल तर त्या गटातून अर्ज करणे योग्य आहे. निर्णय अर्थात वैद्यकीय मंडळाचा.

इथे माझी एक तक्रार आहे. आपण अपंगत्व टक्क्यांत मोजतो, आणि ते मोजताना रुग्ण टेबलापलीकडे शांत बसलेला असतो. हाताची ताकद पूर्ण, सांधे मोकळे, संवेदना ठीक. शून्य टक्के! या मुलाला तपासायचे तर त्याला वीस मिनिटे लिहायला लावा, डावा हात टेबलावर दिसेल असा ठेवून. मग पान बघा. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, त्याला दोन मिनिटांत "नॉर्मल आहे, आळशी आहे" सांगून परत पाठवले होते.

दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले, त्यात निवडक आजारांच्या उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि मुंबईचे केईएम हे त्यातले एक केंद्र आहे. धोरण चांगलेच आहे. पण ते महागड्या औषधांभोवती उभे आहे, आणि ज्या दुर्मीळ आजाराला औषधच नाही त्याला तिथून काही मिळत नाही. या मुलाचा हिशोब सोपा होता, तासाला २० मिनिटे. तीन तासांच्या पेपरला एक तास.

काय करता येते

शाळेत दरवर्षी येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तुमच्या उपयोगाचे आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. जन्म ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा संदर्भ मोफत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि 'हात दुखतो' एवढेच सांगू नका, दुसरा हात हलतो ते करून दाखवा. घरी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. लिहिताना, बटण लावताना, चमच्याने खाताना, अर्ध्या मिनिटाचा पुरे. तज्ज्ञासमोर मुले लाजून हात दाबून धरतात, व्हिडिओ खरे सांगतो.

तज्ज्ञ गरज वाटल्यास मेंदूचा आणि मानेचा एमआरआय सांगतील. जनुकीय चाचणी प्रत्येकाला लागत नाही. तिचा खर्च करण्याआधी 'निकाल आला तर उपचारात काय बदलेल' हा प्रश्न विचारा. घरात लग्न किंवा पुढचे मूल याचा विचार चालू असेल तर तिचा उपयोग होतो.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा या आजारातला सर्वांत कामाचा माणूस. तो हालचाल घालवत नाही, तिच्यासोबत काम करायला शिकवतो. वहीऐवजी चिमटा असलेला लिहिण्याचा पॅड, म्हणजे डाव्या हाताने कागद धरायची गरजच नाही. डाव्या हातात एक मऊ चेंडू किंवा कापडाचा बोळा. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हात सैल सोडणे. काही मुले टंकलेखनात अडकतात, कारण तिथे दोन हातांची बोटे वेगवेगळी चालावी लागतात. शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे आधीच ओळखून सोय मागावी.

धान कापताना डाव्या हातात मूठ धरतात आणि उजव्या हाताने विळा ओढतात. विळ्यावरची पकड बदलली की डावी मूठही सैल होते, बोटे पात्यासमोर येतात. या मुलाच्या डाव्या हातावर दोन जुन्या खुणा होत्या आणि घरात त्या धांदरटपणात जमा होत्या. शेतातले दुसरे काम द्या, भारे बांधू द्या, वाहून नेऊ द्या. मोटारसायकलचे तसेच आहे, डाव्या हाताने क्लच दाबताना उजव्या हाताने ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळायचा असतो. अठराव्या वर्षी लायसन्स काढण्याआधी तज्ज्ञांशी बोला.

दुसरा हात बांधून ठेवणे, त्यावर पट्टी मारणे, दोरा बांधून उतारा करणे, यांनी मेंदूतला तंतू जागा बदलत नाही. मुलगा हात लपवायला मात्र शिकतो.

परीक्षेच्या सवलतीसाठी अर्ज लवकर करा. मंडळाच्या परीक्षेचा फॉर्म भरतानाच मुख्याध्यापकांना लेखी द्या. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळाचे लागते, माझ्यासारख्या खासगी डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. माझी चिठ्ठी एवढ्यासाठी घ्या की मंडळासमोर काय तपासायचे ते त्यात लिहिलेले असेल. नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीचे परिपत्रक शाळेकडून मागून घ्या. आणि लेखनिक आवश्यकच आहे असे समजू नका. मी या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मले लिहिता येते सर. टाइमच कमी पडते."

नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला तपासून इतर आजार नसल्याचे सांगितले. त्यांनी वडिलांनाही अंगठा बोटांना लावायला लावला. वडिलांचा दुसरा हात किंचित हलला, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका. वडील हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, लहानपणी गाईची धार काढताना त्यांना दोन्ही आचळे एकदमच दाबावी लागत आणि घरचे हसत. वाढीव वेळेचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरला. मंडळाची तारीख अजून यायची आहे. तोपर्यंत मुलगा चिमट्याच्या पॅडवर लिहितो आहे, डावा हात टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवून.